लाल दिवा विझल्यावर

मनोहरभाऊ खोब्रागडे सहसा कुणाला शब्द देत नसत. "पाहू", "होऊन जाईन", "टेन्शन नका घेऊ" ही आपल्याकडच्या कारागिरांची पाठ वाक्यं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाहीत. आमच्या संस्थेच्या सभागृहात मात्र त्यांनी एकदा वीस-पंचवीस माणसांसमोर हमी दिली. ती खोटी निघाली. ती खोटी आहे हे त्यांना कळलं, त्याच्या वर्षभर आधीपासून मला माहीत होतं.

आमची संस्था यवतमाळात. जिल्हाभर शाळा, दोन कॉलेजं, आर्णीच्या अलीकडे मुलींचं एक वसतिगृह. मी तिथे सभांची इतिवृत्तं लिहिते. माझे आजोबा कचेरीत होते, वडील कचेरीत होते. ऐकलेलं नीट लिहायचं आणि लिहिलेलं फाईलला लावायचं, एवढीच विद्या आमच्या घराण्यात चालत आली. ऐकलेल्यातलं काय लिहायचं नाही हे तर आम्हाला न शिकवताच येतं.

सचिवसाहेबांना सभागृह आधुनिक करायचं होतं. लांबलचक अंडाकृती टेबल आलं. त्यावर वाकणाऱ्या मानेचे बावीस माईक बसले. प्रत्येकाच्या बुडाशी एक बटण आणि मानेवर लाल दिव्याची गोल कडी. छतात स्पीकर, भिंतीवर मोठा पडदा, म्हणजे लांबच्या शाळांतल्या मुख्याध्यापकांना व्हिडिओ कॉन्फरन्सवर, आमच्या भाषेत व्हीसीवर, बसता येईल. नागपूरहून आलेली माणसं खोकी उतरवून, दोन दिवस घाम गाळून निघून गेली. पहिल्याच सभेत छतातून अशी शिट्टी सुटली की अध्यक्षांनी कानांवर हात ठेवून राष्ट्रगीताआधीच सभा संपवली. मग कुणीतरी दिग्रसच्या मनोहरभाऊंचं नाव सुचवलं.

पन्नाशीचा, काटक माणूस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावलेली. खांद्याला खाकी पिशवी आणि उजव्या कानावर पेन्सिल. तो कान मंद होता. "डाव्या कानानं ऐकतो ताई," ते मला म्हणाले, "उजव्याले पेन्सिल सांभाळाचं काम देल्लं. रिकामा कायले बसवाचा?" लग्नाच्या वरातीत स्पीकरच्या मोठमोठ्या डब्यांसमोर उभं राहून तो कान गेला होता. तेव्हापासून त्यांनी वरातीची कामं सोडली. जयंती, व्याख्यानं, शाळेची गॅदरिंगं, एवढंच करायचे.

आल्या आल्या त्यांनी माईकचे आवाज जुळवणाऱ्या मिक्सरला हात लावला नाही. बावीस खुर्च्यांवर एकेक करून बसले. प्रत्येक खुर्चीत डोळे मिटून दोन-तीन मिनिटं. शिपायाला वाटलं, गडी झोपायला आलाय.

"ज्याले बोलाचं हाये तो कुठी बसते, त्याले छत किती दूर हाये, पंखा कोणता लागते, हे बसल्याबिगर कसं कळन?" असं त्यांचं म्हणणं.

माईक तपासायची त्यांची रीत मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. 'हॅलो, माईक टेस्टिंग' ते कधीच म्हणत नसत. माईकसमोर शांतपणे तीन गावांची नावं घेत. "पुसद. दिग्रस. राळेगाव." थांबून, पुन्हा तीच. मी कारण विचारलं तर खूश झाले.

"पुसदच्या पु-ले माईकवर फुंक बसते का ते पाहाचं. दिग्रसचा स शिट्टी मारून राह्यला का ते पाहाचं. अन् राळेगाव पोटातून बोला लागते, मंग खालचा आवाज किती भरला ते समजते. हॅलोत काय हाये? हॅलो तं फोनवर म्हणतेत."

आठवडाभर त्यांनी टेबलाखाली काम केलं. प्रत्येक वायरीला जुन्या साडीच्या काठाची चिंधी बांधली. बोलणाऱ्यांच्या वायरींना हिरवी, स्पीकरच्या वायरींना पिवळी, व्हीसीच्या वायरीला जांभळी. साड्या त्यांच्या बायकोच्या. "घरी विचारलं का?" म्हटलं तर म्हणाले, "तिनंच फाडून देल्ल्या." वायर गुंडाळताना ती कधी पिळत नसत. एक फेरा सुलटा, एक उलटा. "वायरले पीळ देल्ला का ती ध्यानात ठेवते ताई. वायर विसरत नाही," असं ते सहज म्हणाले होते. तेव्हा मी हसले होते.

व्हीसीचं गणितही त्यांनी मला टेबलाखालून डोकं बाहेर काढून समजावलं. आर्णीहून बोलणाऱ्याला इथल्या सगळ्यांचा आवाज पाठवायचा, फक्त त्याचा स्वतःचा सोडून. "आपलाच आवाज जरासा उशिरा वापस ऐकू आला ना, तं माणूस बोलूच शकत नाही. अडखळते, घाबरते. म्हून ज्याचा त्याले वापस द्याचा नाही."

रेकॉर्डिंगची वायर मात्र एकटीच लाल चिंधीची होती आणि ती मिक्सरवरच्या बटणांच्याही आधी निघालेली. तिची गोष्ट त्यांनी एका दुपारी चहाच्या वेळी सांगितली.

दिग्रसला त्यांच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. सत्तरीच्या एका आजीला मंचावर बसवलेलं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ती धम्मदीक्षेला नागपूरला गेली होती. त्याबद्दल ती कधीच बोलायची नाही. त्या दिवशी एकाएकी उठली आणि बोलायला लागली. तिच्यासमोरचा माईक शिट्टी देत होता म्हणून मनोहरभाऊंनी मिनिटभरापूर्वीच मिक्सरवर त्याचं बटण दाबून तो बंद केला होता. समोरच्या बायकांना तिचं बोलणं तसंच ऐकू जात होतं. त्या रडायला लागल्या. मनोहरभाऊही मिक्सरवर हात ठेवून ऐकत राहिले आणि बटणाचं विसरले. रेकॉर्डिंगमध्ये काहीच आलं नाही. आजी त्याच पावसाळ्यात गेली.

"माह्याच बोटानं बंद केल्तं," ते म्हणाले. त्यांनी बोट पुढे करून मला दाखवलंसुद्धा. "तवापासून रेकॉर्डिंगची लाइन मी बटनाच्या आंधी घेतो. बटन हॉलसाठी. रेकॉर्डिंगले बटन लागू नाही."

पुढचं सगळं या वाक्यात होतं. ते त्यांना दिसलं नाही आणि मला दिसायचा प्रश्नच नव्हता.

सुरुवातीला ही लाल चिंधी निरुपद्रवी होती, कारण बटण दाबलं की माईक जागच्या जागीच बंद पडायचा. पण बटण दाबताना छतातून 'टक्' असा आवाज यायचा. सचिवसाहेबांना तो खपेना. मनोहरभाऊंना त्यांच्याहून जास्त खपेना. टेबलावर बावीस बटणं आणि छतातून टकटक, ही त्यांना स्वतःच्या कामाची अब्रू गेल्यासारखी वाटली. त्यांनी एकेक माईक उलटा करून आतला बारीक खटका बदलला. आता बटण माईक बंद करत नव्हतं. ते फक्त दिवा विझवायचं आणि मिक्सरला निरोप द्यायचं. मिक्सर अलगद आवाज मिटवायचा. टकटक गेली. कामाची वाहवा झाली.

त्यामुळे माईक आता कायम जागा होता आणि लाल चिंधी बटणाच्या आधी होती. मंचावर आयुष्य गेलेल्या माणसाला या दोन गोष्टी एकत्र जोडाव्यात असं सुचलंच नाही. मंचावर चोरून बोलायचं काय असतं? तिथे माईक बंद म्हणजे लांबच्यांना ऐकू जात नाही, एवढंच.

उद्घाटनाच्या सभेत वसतिगृहाच्या अधीक्षिका राठोड मॅडमनी हसत विचारलं, "भाऊ, बटन बंद केल्यावर शेजारच्याशी दोन शब्द बोललं तर चालेल ना? का तेही आर्णीला ऐकू जाईल?"

सगळे हसले. मनोहरभाऊ हसले नाहीत. त्यांनी प्रश्न मनावर घेतला, उभे राहिले, शर्टाची बाही नीट केली. "लाल दिवा विझला म्हणजे तुमचा आवाज या टेबलापलीकडं जात नाही, मॅडम. ही गॅरंटी माह्यी."

दुसऱ्याच सभेचं रेकॉर्डिंग ऐकताना मला पहिलं कुजबुजणं ऐकू आलं. सभागृहाला लागून एक अरुंद खोली आहे. रेकॉर्डर तिथे, माझी खुर्ची तिथे. हेडफोनमध्ये अध्यक्षांचं भाषण चालू आणि खालून एका प्राचार्यांचा आवाज, "झोप येऊन राह्यली यार." मी हसले. मला वाटलं, यंत्र असंच असेल. तिसऱ्या सभेपर्यंत मला ते आवडायला लागलं, हे खरं सांगायला हवं. कोण कुणाला काय म्हणतं, कुणाला कुणाचा कंटाळा आलाय, सगळं कानात येत होतं. लिहायचं तेवढं मी लिहीत होते. बाकीचं माझं.

फक्त ते माझ्या एकटीचं नव्हतं. प्रत्येक रेकॉर्डिंगची एक प्रत नियमाने सचिवसाहेबांच्या केबिनमध्ये जायची.

मग गोष्टी घडू लागल्या. सभेत चकार शब्द न बोललेल्या ग्रंथपालाची बदली दूरच्या शाळेत झाली. एका पर्यवेक्षकाला केबिनमध्ये बोलावून त्याचंच वाक्य ऐकवलं गेलं, अगदी शब्दन् शब्द. लोक एकमेकांकडे बघू लागले. चहा देणाऱ्या नामदेवला सभा चालू असताना आत यायची बंदी झाली. वीस वर्षं एका डब्यात जेवणारे दोन शिक्षक वेगळे बसू लागले. माझ्याकडेही लोक बघत. मी मान खाली घालून टाइप करायची.

मनोहरभाऊ महिन्याकाठी यंत्र तपासायला यायचे. एकदा सभा संपेपर्यंत मागे बसून राहिले. नंतर माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, हॉल बिघडला."

"शिट्टी येते का?"

"शिट्टी नाही. आंधी दिवा विझला का लोक वाकून बोलत. आता दिवा विझवते अन् गुमान बसते. मशीन ठीक हाये. लोकाइले काय झालं?"

त्यांचा डावा कान माझ्याकडे वळलेला होता. तेव्हा बोलायला हवं होतं मी. मी म्हटलं, "परीक्षांचा ताण असेल."

राठोड मॅडम मात्र बदलल्या नव्हत्या. त्यांचा त्या हमीवर विश्वास होता. वसतिगृहातल्या मुलींची पोटं एकामागून एक बिघडत होती. टाकीचं पाणी वाईट आहे असं त्या दोन सभा सांगत होत्या आणि पाणी उत्तम आहे असं सचिवसाहेब सांगत होते. तिसऱ्या सभेत त्यांनी बोलणं संपवून बटण दाबलं. लाल कडी विझली. मग शेजारच्या काळेसरांकडे वाकून त्या म्हणाल्या, "म्या पाणी तपासाले देल्लं हाये सर. रिपोर्ट हातात येऊ द्या, मंग पाहतो हे कसे उत्तम म्हणते ते."

मी ते वाक्य दुसऱ्या दिवशी हेडफोनमधून ऐकलं. त्यांचा आवाज इतका जवळ होता की मी दचकून मागे पाहिलं. इतिवृत्तात अर्थातच लिहिलं नाही. चौथ्या दिवशी मॅडम निलंबित झाल्या. भर सभेत, माईकवरून, सचिवांना धमकी दिली आणि संस्थेची बदनामी केली असा आरोप. पुरावा म्हणजे रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगमध्ये आहे म्हणजे माईक चालूच असणार, नाही का? त्याच आठवड्यात टाकी धुऊन, चुना मारून स्वच्छ झाली.

मनोहरभाऊ तपासणीला आले त्या दिवशी मॅडम त्यांच्यासाठी फाटकाशी उभ्या होत्या. त्यांना आत सोडत नव्हते. त्या एवढंच बोलल्या, "भाऊ, दिवा विझवला होता मी. तुम्ही म्हणाले होते."

मनोहरभाऊंनी वाद घातला नाही. सभागृहात आले, मला रेकॉर्डर चालू करायला सांगितला, मॅडमच्या खुर्चीत बसले, बटण दाबून दिवा लावला, मग विझवला. विझलेल्या माईकसमोर हळू आवाजात म्हणाले, "पुसद. दिग्रस. राळेगाव." छत गप्प होतं. मग उठून माझ्या खोलीत आले, हेडफोन उचलला, डाव्या कानाला लावला आणि रेकॉर्डिंग मागे नेलं.

मला बाहेरूनही ऐकू आलं. तीन गावं, स्वच्छ. स-ला शिट्टी नव्हती.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "ताई, हे तुमाले ऐकू येत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

मला लाज वाटली. इतकी की आजही ती खोली उघडताना वाटते. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. कानावरची पेन्सिल काढून पिशवीत टाकली आणि थेट सचिवसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार अर्धं उघडं होतं. माझी चूक झाली, रेकॉर्डिंगची लाइन बटणामागे घेतो, दहा मिनिटांचं काम आहे, असं ते सांगत होते. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "हात लावू नका. फार चांगलं काम केलंय तुम्ही. नव्या कॉलेजचा हॉलही तुम्हीच करायचा."

बाहेर आलेल्या मनोहरभाऊंच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली ती त्या कौतुकाने आलेली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

पुढच्या सभेला ते सकाळीच येऊन मिक्सरशी बसले. सगळे जमले. राठोड मॅडमची खुर्ची रिकामी होती. अध्यक्षांनी विषय पुकारण्याआधी मनोहरभाऊ उठले, त्या रिकाम्या खुर्चीपाशी गेले आणि दिवा लावून म्हणाले, "एक मिनिट द्या. मशीनचं सांगाचं हाये."

मिक्सरकडे परत येऊन त्यांनी त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. छतातून त्यांचाच आवाज आला, "पुसद. दिग्रस. राळेगाव."

"हे मी दिवा विझवून बोललो होतो. तरी रेकॉर्डिंगमधी भरलं. जवापासून हा हॉल झाला तवापासून तुमी दिवा विझवून जे जे बोलले ते सारं भरून राह्यलं. मॅडमचंही तसंच भरलं. दिवा विझला होता त्याइचा. चूक कोणाचीच नाही, माह्यी हाये. गॅरंटी म्या देल्ली होती."

मी कुणाच्या तरी टाळीची, निदान खाकरण्याची वाट पाहत होते. त्याऐवजी एकेक हात पुढे आला आणि प्रत्येकाने आपापल्या माईकची मान दूर वाकवली. टेबलावरचे माईक छताकडे बघत होते. काळेसरांनी आपल्यावर रुमाल टाकला. सचिवसाहेब म्हणाले, "झालं? निघा आता."

मनोहरभाऊंनी पिशवी उचलली. इतिवृत्तात काय लिहायचं ते मला केबिनमधून सांगण्यात आलं आणि मी लिहिलं: 'ध्वनियंत्रणेतील तांत्रिक बाबींवर चर्चा झाली.' आठवड्याभरात परगावची माणसं आली. त्यांनी मिक्सर बदलला, सगळे खटके जागच्या जागी केले. साड्यांच्या चिंध्या कापून एका खोक्यात टाकल्या. आता दिवा विझला की माईक खरोखर मरतो आणि पूर्वी तसं नव्हतं हे दाखवायला काही उरलं नाही. उरली ती फक्त ऐकणारी, मी.

त्यानंतर मनोहरभाऊंना मी एकदाच पाहिलं. मी दिग्रसला चुलतबहिणीकडे गेले होते. दुपारी चारच्या सुमाराला एसटी स्टँडकडे निघाले तर एका मैदानात मांडव घातलेला, खुर्च्या अजून दोरीने बांधलेल्या, आणि स्पीकरमधून आवाज, "पुसद. दिग्रस. राळेगाव." पाय आपोआप थांबले. माझ्याआधी त्यांनीच मला पाहिलं. हाताने खूण केली, या.

ते थकलेले दिसत होते. पेन्सिल परत कानावर आली होती. त्यांच्यासमोर माईक होता, बटण बंद केलेला. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वाकून माईकच्या बुडातून वायरच उपसली आणि तिचं टोक तळहातावर धरून मला दाखवलं.

"पाहा. आता दिवा नाही, बटन नाही. आता बोला ताई."

मग तेच बोलले. "मॅडमची चौकशी पुढच्या सोमवारी हाये. माह्यं कोणी मानत नाही, म्हणते तुमीच बिघडवलं अन् तुमीच सांगून राह्यले. तुमी फकस्त एवढंच म्हणाचं, का दिवा विझल्यावरचं मले ऐकू येत होतं. एवढंच. बाकी काही नाही."

माझ्या नोकरीची सहा वर्षं राहिली होती. ती मी तिथे उभ्या उभ्या मोजली. वायरीचं टोक त्यांच्या हातात तसंच होतं आणि ते डावा कान माझ्याकडे करून थांबले होते.

"पाहू," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, रागावले नाहीत. वायर पुसून माईकला परत लावली, दिवा लागला की नाही ते बघितलं. मी स्टँडपर्यंत चालत गेले तोवर मागून ती तीन गावं पुन्हा पुन्हा ऐकू येत होती.

सोमवारी मी रजा टाकली.